परमिट मागताना जीभ अडखळू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी हमखास येते. 'शॉक लागून वीज कर्मचाऱ्याचा मृत्यू', नाहीतर 'खांबावरून पडून लाइनमन गंभीर'. गाव, तालुका, वय, मागे बायको आणि दोन लेकरं, पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. एवढ्यात बातमी संपते. मी ३६ वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत खांबांवर चढलो. १९८८ साली रोजंदारीवर लागलो आणि २०२४ मध्ये निवृत्त झालो. अशी बातमी दिसली की मी पहिल्यांदा एकच शोधतो, परमिट घेतलं होतं का? घेतलं नव्हतं असं कळलं की मनात दुसरा प्रश्न येतो, का नाही घेतलं? त्याचं उत्तर तुमच्या बातमीत नसतं आणि चौकशीच्या कागदातही नसतं. त्यासाठी हे पत्र.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आपल्या गावांना वीज येते ती ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रातून. तिथून ११ हजार व्होल्टच्या लाइनी निघतात, त्यांना आम्ही फीडर म्हणतो. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. उपकेंद्रात आठ-आठ तासांच्या पाळीत एक यंत्रचालक बसतो. बोलताना आम्ही त्याला ऑपरेटरच म्हणतो. लाइनवर काम निघालं की लाइनमननं ऑपरेटरला सांगायचं. ऑपरेटरनं तो फीडर बंद करायचा, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, नंबर टाकायचा आणि तो नंबर लाइनमनला द्यायचा. हे झालं परमिट. मग लाइनमननं लाइन खरंच मेली का ते तपासायचं, डिस्चार्ज रॉडनं तारा जमिनीला जोडायच्या आणि त्यानंतरच हात लावायचा. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच परत करायचं, की माणसं उतरली, रॉड काढले, आता लाइन सोडा, म्हणजे चालू करा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ३६ वा नियम याच गोष्टीचा होता. आमच्या काळात तो पाठ करून घेत. नियम पुढे बदलले, पण काम करायची रीत हीच राहिली.

म्हणजे खांबावरच्या माणसाचा जीव पाच-दहा किलोमीटर दूर बसलेल्या, त्याला न दिसणाऱ्या माणसाच्या हाती असतो. दोघांना जोडणारं काय, तर बोलणं. दरवर्षी विद्युत सुरक्षा सप्ताह होतो, तेव्हा ग्लोव्हज, हेल्मेट, बेल्ट, रॉड अशी सगळी यादी वाचली जाते. त्या यादीत फोन उचलणाऱ्याचा स्वभाव कधी आला नाही. सोबत काम करणाऱ्यांशी नीट बोलावं, सांभाळून घ्यावं, हे शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटतं, हे मला कळतं. मलाही २००९ पर्यंत तसंच वाटायचं.

त्या वर्षी खांदशेकणीचा दिवस होता, म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. घरोघरी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावायची गडबड चाललेली. सकाळच्या पावसात गावठाण फीडर गेला आणि दोन गावं बंद पडली. मी आणि माझा जोडीदार लाइन पाहत निघालो. त्याला सगळे भाऊ म्हणत, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. दुपारपर्यंत दोनदा परमिट घेतलं, एके ठिकाणी फांदी काढली, एके ठिकाणी फुटलेलं इन्सुलेटर बदललं, परमिट परत केलं. लाइन सोडली की पुन्हा ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. दुपारी तीनला तिसऱ्यांदा फोन लावला. हात चिखलानं भरलेले म्हणून भाऊनं फोन स्पीकरवर टाकला होता. ऑपरेटर कडाडला, "काहून घडीघडी फोन करून रायले बे तुम्ही? एकदाच काय ते नीट पाहता येत नाही का? फुकटचा पगार घेता का?"

खाली गावचे दहा-बारा जण उभे होते. त्यातली पोट्टी हसली. भाऊ काही बोलला नाही. नंबर घेतला, काम केलं, परमिट परत केलं आणि फोन माझ्या हातात देऊन टाकला.

साडेपाचच्या सुमाराला खरा दोष सापडला. नाल्याकाठच्या खांबावर जंपर, म्हणजे दोन तारांना जोडणारा तुकडा, तुटून लोंबत होता. मी फोन काढला, नंबरही काढला. भाऊ म्हणाला, "राहू दे गा. एबी स्विच इथंच हाय, तोच उघडू. दहा मिनिटाचं काम. कशाले पुन्हा त्याचं आयकतं?"

मी फोन खिशात टाकला. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

एबी स्विच खांबावर असतो. खालून दांडा ओढला की वर तीन पाती उघडतात आणि पुढची लाइन तुटते. तुटायला पाहिजे. त्या स्विचचं एक पातं गंजून धरलेलं होतं. दांडा पूर्ण खाली आला, हाताला नेहमीसारखाच लागला, दोन पाती उघडली आणि तिसरं जागचं हललं नाही. आभाळ भरलेलं, उजेड उतरलेला, खालून ते आम्हाला दिसलं नाही. डिस्चार्ज रॉड लावला असता तर तिथंच कळलं असतं. रॉड मोटारसायकलला बांधलेला होता आणि गाडी दोनशे पावलांवर, चिखलाच्या पलीकडे. एक नियम सोडला की दुसरा सोडायला मन लगेच तयार होतं. भाऊ चढला, बेल्ट अडकवला, उजवा हात पुढे केला.

पुढचं वर्णन मी करत नाही. बेल्टमुळे तो खाली पडला नाही, लटकत राहिला. तेव्हा मी फोन लावला. ऑपरेटरनं पहिल्याच रिंगला उचलला आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फीडर बंद केला. भाऊ वाचला. वर्ध्याच्या दवाखान्यात ४० दिवस काढले. उजव्या हाताची तीन बोटं आणि अर्धा तळवा गेला.

चौकशीत निघालं की परमिट न घेता काम केले, डिस्चार्ज रॉड वापरला नाही. अक्षर न् अक्षर खरं. चूक आमचीच, त्यातही माझी जास्त, कारण मी जमिनीवर होतो आणि डोकं ठिकाणावर ठेवणं माझं काम होतं. मी तसं लिहून दिलं. पण तीन वाजताच्या फोनबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आमची पळवाट दिसली असती. 'तो रागावला म्हणून आम्ही परमिट घेतलं नाही' हे कोणत्या साहेबासमोर बोलायचं?

त्या ऑपरेटरबद्दलही सांगितलं पाहिजे. पुढे कळलं की त्याचा बदली माणूस सणासाठी सुटीवर होता आणि तो सलग दुसऱ्या पाळीला बसला होता, तेही लागोपाठ तिसऱ्या दिवशी. एक फोन साहेबांचा, एक सरपंचाचा, गेटवर शेतीच्या लाइनीसाठी आलेली माणसं वेगळीच. त्या दिवशी त्याचं घरही सणाचं घर होतं. त्यामुळे सगळं त्याच्या माथी मारून मला मोकळं होता येत नाही. तरी मला असं वाटतं की थकलेला माणूस कमी बोलला तर कोणाचं काही बिघडत नाही. टाकून बोलला की पुढचा माणूस पुढच्या वेळी विचारतच नाही. विचारणं बंद झालं हे बोलणाऱ्याला कधी कळत नाही, कारण त्याचा फोन वाजत नाही आणि त्याला वाटतं की आज शांतता आहे.

याच्या अगदी उलट माणूसही मी पाहिला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका उपकेंद्रात वयस्क ऑपरेटर होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. तेव्हा मोबाइल नव्हते. परमिट घ्यायला सायकलनं उपकेंद्रात जायचं, काम करायचं आणि परत करायला पुन्हा सायकल मारायची. मामांकडे जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे होते, प्रत्येकाला भोक पाडून सुतळी बांधलेली. परमिट दिलं की त्यावर मोठ्या अक्षरात लाइनमनचं नाव, गाव आणि कोणत्या खांबावर आहे ते लिहायचे आणि तो पुठ्ठा त्या फीडरच्या ब्रेकरच्या, म्हणजे फीडर चालू-बंद करायच्या स्विचच्या, मुठीला लटकवायचे. 'माणसे काम करत आहेत' ही सरकारी पाटी होतीच, तीही लावायचे. पण पाटीवर माणसं असतात, पुठ्ठ्यावर नाव असतं. मूठ फिरवायची तर आधी ते नाव हातानं बाजूला करावं लागे.

पाळी संपली की मामा रजिस्टर पुढे सरकवून निघून जात नसत. बदलीवर आलेल्याला मुठीपाशी न्यायचे आणि पुठ्ठा वाचून दाखवायचे. "हा पोरगा नाल्याच्या खांबावर हाय, अजून उतरला नाही. तो सोता येऊन सांगन तेव्हाच लाइन सोडजो." मग त्याला चहा पिऊ द्यायचे आणि नंतर घरी जायचे. रोजचा पाव-अर्धा तास जास्तीचा. त्याचे पैसे त्यांना कोणी दिले नाहीत आणि त्यांनी कधी मागितल्याचं मी ऐकलं नाही.

एकदा मी शेतीच्या फीडरवर परमिट मागायला गेलो. मी २४ वर्षांचा होतो. मामांनी विचारलं, "त्या खांबावरून शेजारून कोण जाते?" मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. म्हणाले, "मंग पाहून ये. मी इथंच हाव." चार किलोमीटर मागे गेलो. त्या खांबावरून गावठाणाचा फीडरही जात होता आणि तो चालू होता. शेतीची लाइन बंद करून मी चढलो असतो तर कोपर त्या दुसऱ्या तारेपासून हातभर अंतरावर आलं असतं. परत आलो तेव्हा मामांनी चहा झाकून ठेवला होता. "एवढंही ठाऊक नाही का" असा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. दोन्ही फीडरचं परमिट दिलं, दोन पुठ्ठे लटकवले. त्यांच्या जागी टोमणा मारणारा कोणी असता तर मी "शेजारून कोणीच नाही" असं ठोकून दिलं असतं. चोविसाव्या वर्षी माणूस ११ हजार व्होल्टपेक्षा हसू व्हायला जास्त भितो.

मामा गोड होते म्हणजे सगळ्याला हो म्हणत, असं नाही. परमिट देण्याआधी ते चेहऱ्याकडे बघून "जेवला का?" विचारायचे. मला बरीच वर्षं ती नुसती माया वाटायची. एकदा हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मी रात्री तापानं फणफणलेला गेलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला, माझं उत्तर ऐकलं आणि परमिट द्यायला साफ नकार दिला. "तू नको चढू. दुसऱ्याले बलावतो." बाहेर गेटवर वीस-पंचवीस शेतकरी उभे. आठ दिवस पाण्याची वाट पाहिलेली माणसं, त्यांचा राग चुकीचा नव्हता. मामा स्वतः बाहेर गेले आणि म्हणाले की लाइन मी थांबवली, दोन तास लागतील, बोलायचं ते मला बोला. लोक बोललेही. मी आत बाकावर पडून ऐकत होतो. त्यानंतर मी त्यांच्यापुढे कधी कोणतीच गोष्ट लपवली नाही. पक्कडीची मूठ चिरली आहे एवढंही सांगायचो.

हाताखाली माणसं येऊ लागली तेव्हा मी मामांसारखं वागायचा प्रयत्न केला. दरवेळी जमलं असं म्हणत नाही. आता आमच्याकडे एजन्सीमार्फत आलेली आयटीआयची पोरं बरीच आहेत. पगार कमी, नोकरीची शाश्वती नाही, त्यामुळे 'मला येत नाही' हे म्हणायला ती सगळ्यात जास्त घाबरतात. निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी असाच एक पोरगा माझ्यासोबत होता. मी त्याला रॉड लावायला सांगितला. त्यानं रॉडचा आकडा सरळ तारेकडे उचलला, आणि जमिनीकडचं टोक तसंच मोकळं पडलेलं. आधी जमिनीचं टोक पक्कं करायचं, मग तारेला आकडा लावायचा. काढताना उलट, आधी तार, मग जमीन. हा क्रम चुकला तर जीव वाचवणारा रॉडच जीव घेतो. मी त्याचा हात धरला आणि विचारलं, "हे कोणी दाखवलं नाही का बाबू तुले?" तो म्हणाला, "नाही काका. इचारलं असतं तं सगळे हासले असते."

चार महिने तो त्या रॉडसोबत फिरत होता. चार महिन्यांत आम्हा सहा जणांपैकी एकालाही तो विचारू शकला नाही, आणि त्या सहांत मी होतो. त्या दिवशी बंद लाइनवर त्याच्याकडून तीनदा रॉड लावून घेतला आणि काढून घेतला. नंतर जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर मी मुद्दाम सांगितलं की मलासुद्धा मामांनी एकदा चार किलोमीटर परत पाठवलं होतं. त्यानंतर पोरं विचारायला लागली. कधी कधी एकच गोष्ट तीनदा विचारत, आणि तिसऱ्या वेळी माझाही आवाज चढायला बघे. तेव्हा मी भाऊचा हात आठवायचो.

जे आज नोकरीत आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फोनवर आधी आपलं नाव सांगा, म्हणजे समोरच्याला माणूस कळतो. कोणी दहाव्यांदा परमिट मागितलं तरी पहिल्यांदा मागितल्यासारखं द्या. राग आलाच तर काम संपल्यावर, लाइन सुरू झाल्यावर, चहाच्या टपरीवर काढा. लाइनमननंही ऑपरेटरला समजून घ्यावं. त्याला खांब दिसत नाही, पाऊस दिसत नाही, त्याला फक्त आपला आवाज ऐकू येतो. दोन शब्द जास्त सांगितले, "मामा, अजून अर्धा तास लागते, तार ताणायची हाय", तर तोही निवांत बसतो. आणि साहेबांनी सणासुदीला ऑपरेटरला बदली माणूस दिल्याशिवाय दुसऱ्याची रजा मंजूर करू नये. नुसत्या गोड बोलण्यानं तिसऱ्या दिवशीचा थकवा जात नाही.

गावकऱ्यांना एकच सांगणं आहे. खांबाखाली उभं राहून "किती वेळ, किती वेळ" करू नका आणि कोणाला फोनवर बोलणी बसली तर हसू नका.

आणि संपादक साहेब, तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांना सांगा. पुढच्या वेळी अशी बातमी आली आणि 'परमिट घेतले नव्हते' असं अधिकाऱ्यांनी सांगितलं, तर आणखी दोन गोष्टी विचारा. त्या दिवशी उपकेंद्रात बसलेला माणूस किती तासांपासून ड्युटीवर होता? आणि त्या दिवशी त्याआधी त्या दोघांचं बोलणं काय झालं होतं? दोन ओळी वाढतील, पण मेलेल्या माणसावर नुसता निष्काळजीपणाचा शिक्का बसून फाइल बंद होणार नाही. उत्तर देताना अधिकाऱ्यांनाही एकदा ड्युटीचा तक्ता काढून बघावा लागेल.

माझं नाव आणि गाव छापू नका. भीती म्हणून नाही. तो ऑपरेटर अजून नोकरीत आहे आणि तुमचाच पेपर वाचतो. भाऊ दवाखान्यात असताना तो आला होता. बराच वेळ खोलीच्या दाराबाहेर उभा राहिला. भाऊनंच डाव्या हातानं आत बोलावलं. पुढे पंधरा वर्षं मी त्याच्या पाळीत शेकडो परमिटं घेतली. फोन उचलला की आधी स्वतःचं नाव सांगायचा आणि मग म्हणायचा, "घाई नाही दादा, सांगा." त्याला आता कोणी ओळखून बोट दाखवावं असं मला वाटत नाही.

भाऊला अपघातानंतर स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं, तोही आता निवृत्त झाला. काल हे पत्र त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तीनच्या फोनचं लिवलं ते बरं केलं. पण रॉड गाडीले बांधून होता, आपण आणला नाही, हेबी लिव." ते मी वर लिहिलेलं आहे. जागा कमी पडली तर बाकी काहीही कापा, तेवढं ठेवा.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
जि. यवतमाळ